दोघांनी मिळून विनोद लिहिणं : गॅल्टन आणि सिम्पसन यांची कारकीर्द

पडद्यामागचा (धागाकर्ता)

विनोदी लेखक म्हटलं की आपल्याला नावं रांगेने आठवतात. श्रीपाद कृष्ण, गडकरी, चिं. वि., अत्रे, पुलं, मिरासदार. पण ही सगळी एकेकटी माणसं. दोघांनी एका खोलीत बसून, एकाच कागदावर, वर्षानुवर्षं विनोद लिहिला आणि तेच आयुष्यभराचं काम झालं, असं उदाहरण शोधायला गेलं की आपण अडखळतो. म्हणून हा धागा इंग्लंडातल्या एका जोडीवर काढतोय : रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन. टीव्हीवरच्या अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेला जे रूप आज आपण गृहीत धरतो, ते घडवणाऱ्यांत मी या दोघांना सगळ्यात वर ठेवतो.

1948 साली सरे परगण्यातल्या मिलफर्ड सॅनेटोरियममध्ये त्यांची गाठ पडली. दोघंही क्षयाचे रुग्ण, दोघंही अठराच्या आसपासचे, दोघंही सहा फुटांहून उंच. गॅल्टन जगेल याची डॉक्टरांना फारशी आशा नव्हती. तिथे रुग्णांनीच चालवलेलं अंतर्गत रेडिओ केंद्र होतं. त्यासाठी दोघं छोटे विनोदी कार्यक्रम लिहायला लागले, आणि ठरलेले भाग पुरे होण्याआधीच त्यांच्याकडचे विषय संपले. त्या वेळी बीबीसी रेडिओवर फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन ही लेखकजोडी गाजत होती. या मुलांनी त्यांनाच पत्र टाकून विचारलं की लेखक व्हायचं तर काय करावं. काहीतरी लिहून बीबीसीच्या संहिता विभागाकडे पाठवा, असा सल्ला मिळाला. त्यांनी पाठवलं, आणि 1951 पासून कामं मिळू लागली.

2 नोव्हेंबर 1954 ला रेडिओवर 'हॅन्कॉक्स हाफ अवर' सुरू झालं. तोवर रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम म्हणजे थोडे चुटके, मग गाणं, मग एखादा पाहुणा, पुन्हा चुटके. या दोघांना अर्धा तास एकच गोष्ट सांगायची होती, आणि हसू यायचं ते माणसाच्या स्वभावातून. टोनी हॅन्कॉक या नटासाठी त्यांनी त्याच्याच नावाचा माणूस लिहिला : स्वतःला थोर समजणारा, जग आपल्याला थोर मानत नाही म्हणून कायम धुसफुसणारा, पण मनाने वाईट नसलेला. रेडिओवर त्याचे शंभरावर भाग झाले. 1956 पासून टीव्हीवरही तो आला.

1958 चा रेडिओवरचा एक भाग तर मुद्दाम ऐकावा असा आहे. रविवारची दुपार, बाहेर पाऊस, सगळं बंद, आणि घरात चार माणसं कंटाळलेली. गोष्ट एवढीच. हॅन्कॉक सुस्कारा टाकतो, किती वाजले ते विचारतो, पुन्हा सुस्कारा टाकतो. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या नक्षीकडे एकटक पाहिलं की त्यात माणसाचा चेहरा दिसतो, हे तो इतरांना पटवून देत बसतो. संवादांच्या मध्ये लांबलचक शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे धोका, आणि या दोघांनी ती पानावर लिहून ठेवली. एकट्या लेखकाला हे धाडस झालं असतं का, याची मला शंका आहे. समोर बसलेला दुसरा माणूस त्या शांततेत हसला, म्हणून ती कागदावर टिकली असणार.

1961 मध्ये रक्तदानावरचा टीव्हीचा भाग आला. हा गृहस्थ रक्तदानाला मोठ्या रुबाबात जातो, बोटाला सुई टोचून एक थेंब काढला की देशसेवा झाली असं समजून निघायला लागतो, आणि खरं म्हणजे एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, द्यायचंय हे कळल्यावर हादरतो. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हॅन्कॉकने या दोघांशी काम थांबवलं. सात वर्षं ज्याच्या तोंडासाठी लिहिलं, ते तोंडच गेलं.

तिथून पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बीबीसीच्या टॉम स्लोन यांनी त्यांना दहा अर्ध्या तासांची मोकळी जागा दिली. दर वेळी नवी गोष्ट, नवे नट, विषय तुमचा. त्यातली चौथी गोष्ट 5 जानेवारी 1962 ला दाखवली गेली : घोडागाडीतून भंगार गोळा करणारे बाप-लेक. त्यातून 'स्टेप्टो अँड सन' जन्माला आली आणि मध्ये काही वर्षं थांबून 1974 पर्यंत चालली. मुख्य म्हणजे इथे त्यांनी विनोदवीर घेतलेच नाहीत, नाटकातले नट घेतले. माझं म्हणणं असं की ही निवड एकट्याच्या अंगावर आली असती तर त्याने पुन्हा एखादा हॅन्कॉक शोधला असता.

यावर बोलू या. दोघांनी लिहिण्याचा अनुभव असलेले इथे कुणी आहेत का?

निवृत्त_छातीवाला

विषय निघालाच आहे तर सॅनेटोरियमबद्दल थोडं. माझी नोकरीची बरीच वर्षं क्षयरुग्णांत गेली. आपल्या पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाचा मोकळा परिसर ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना येईल की ही रुग्णालयं गावाबाहेर, झाडीत, वाऱ्यावर का बांधत.

1948 मध्ये क्षय म्हणजे झोपून राहणं. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली अमेरिकेत सापडलं होतं, ब्रिटनमधल्या प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष 1948 मध्येच छापून आले, पण औषध अतिशय तुटपुंजं होतं आणि एकटं दिलं की जंतू त्याला दाद देईनासे होत. पुढे जोडीला पास (PAS) हे दुसरं औषध आलं, 1952 मध्ये आयसोनियाझिड आलं, तेव्हा कुठे खात्रीने बरं करता येऊ लागलं. त्याआधी विश्रांती, मोकळी हवा, आणि फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून छातीत हवा भरून ते दाबून ठेवणं. ती हवा जिरायची, मग पुन्हा भरायची. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं.

म्हणजे ही दोन मुलं ज्या वयात कॉलेजच्या कट्ट्यावर असायची त्या वयात खाटेवर पडून होती. शेजारची खाट कधी रिकामी होईल सांगता येत नव्हतं. करण्यासारख्या गोष्टी दोनच, ऐकणं आणि बोलणं. मी अशा वॉर्डांत फिरलोय. लांब मुदतीच्या रुग्णांचा विनोद वेगळाच असतो. त्यात चुटके कमी असतात, एकमेकांच्या सवयींवरचं बोलणं जास्त असतं. आज नर्स कोणत्या पावलांनी आली, कुणी जेवणाला काय नाव ठेवलं, खोकला कुणाचा. त्यामुळे तो रविवारच्या दुपारचा भाग मला अजिबात अवघड वाटत नाही. काहीही न घडणाऱ्या दुपारी या दोघांनी भरपूर काढल्या होत्या.

हा सॅनेटोरियमचा काळ संपवण्यात भारताचा वाटा आहे, तोही सांगून ठेवतो. 1956 पासून मद्रासला झालेल्या चाचणीत घरी राहून औषध घेणारे रुग्ण आणि सॅनेटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण यांची तुलना केली गेली. घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि घरातल्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. त्यानंतर जगभर सॅनेटोरियम ओस पडत गेली.

तिसरीघंटा

पडद्यामागचा, तुमचा प्रश्न मला लागू आहे. मी आणि माझी मैत्रीण मिळून लिहितो. सुरुवात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेपासून. तेव्हा एकांकिकेवर लेखक म्हणून तिचं नाव होतं आणि दिग्दर्शन माझं, पण भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून संवाद ऐकताना कुठलं वाक्य कुणाचं हे आम्हा दोघींना आठवायचं नाही. नंतर दोघींची नावं लावायला लागलो. आता दोन अंकी नाटक लिहितोय आणि गाडी अडलीय.

अडलीय ती अशी. दुसऱ्या अंकात एक प्रवेश आहे, सासरे आणि घरात भाड्याने राहणारा मुलगा. मला तो विनोदी वाटतो, तिला वाटतं तिथे हशा आला तर नाटक पडलं. दोघीही आपापल्या जागी ठाम. मधला मार्ग म्हणून अर्धे विनोद काढले तर प्रवेश आणखीच मिळमिळीत झाला.

तर विचारायचं असं की या दोघांमध्ये शेवटचा शब्द कुणाचा असायचा? आणि एक लिहितो, दुसरा तपासतो, अशी वाटणी होती का? आमच्या ओळखीतले सगळे सांगतात की एकीने लिहा आणि दुसरीने फक्त सूचना करा. मला ते पटत नाही.

पडद्यामागचा (धागाकर्ता)

तिसरीघंटाताई, शेवटचा शब्द कुणाचाच नसायचा, हीच त्यांची पद्धत. टाइपरायटरवर सिम्पसन बसायचा. गॅल्टन खोलीत येरझाऱ्या घालायचा नाहीतर आडवा व्हायचा. एकाने वाक्य म्हणायचं. दुसऱ्याला पटलं की ते टाइप व्हायचं. पटलं नाही तर शांतता, आणि दुसरं वाक्य येईपर्यंत कागद तसाच. वाद घालून वाक्य गळी उतरवायचं नाही. दोघांना हवं असलेलंच वाक्य कागदावर चढणार. त्यामुळे कधी तासन्‌तास काहीच व्हायचं नाही.

यात मला मोठा शहाणपणा दिसतो. तुम्ही अर्धे विनोद काढलेत तेव्हा दोघींनाही नको असलेला प्रवेश तयार झाला. त्यांच्या नियमाने तो कागदावर आलाच नसता. दोघींना मान्य असेल असं तिसरं काहीतरी सापडेपर्यंत ती जागा कोरी राहिली असती.

आणि तुमच्या प्रवेशाचा जो पेच आहे, तोच त्यांच्या 1962 च्या त्या गोष्टीचा गाभा आहे. मुलाला बापाला सोडून जायचंय. तो आपलं सामान गाडीवर चढवतो. बाप म्हणतो घोडा माझा, मिळायचा नाही. मग मुलगा स्वतःच गाडी ओढायला लागतो. गाडी तसूभर हलत नाही. तो जोर लावतो, विनवतो, आणि रडायला लागतो. मग बाप त्याला चहाच्या नावाखाली घरात घेऊन जातो. मुलाचं काम करणारा हॅरी एच. कॉर्बेट तिथे खरोखर रडला. लेखकांनी पुढे सांगितलंय की ते चकित झाले, कारण विनोदी नट अशा जागी तोंड झाकून खांदे हलवतात, इथे डोळ्यांत खरं पाणी होतं. त्या क्षणी त्यांना कळलं की आपल्याला आता काय काय लिहिता येईल. त्याच प्रवेशात प्रेक्षक हसतोही. हशा आणि रडू यांची वाटणी त्यांनी केलीच नाही.

सदाशिवपेठी

धागा आवडला, पण पहिल्या परिच्छेदाशी माझं भांडण आहे. आपल्याकडे विनोद एकेकट्याने लिहिला जातो हे छापील पुस्तकांपुरतं खरं. रंगमंचावरचा विनोद आपल्याकडे कायम चार डोक्यांतून आलाय. तमाशातली बतावणी कुणी एकाने लिहिली? गण, गवळण, मग बतावणीत सोंगाड्याने गावातला ताजा विषय घुसडायचा आणि समोरच्याने झेलायचा. 'विच्छा माझी पुरी करा' वसंत सबनिसांनी लिहिलं, 1965 मध्ये ते उभं राहिलं, आणि दादा कोंडक्यांनी दर प्रयोगाला त्यात त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातलं काहीतरी मिसळलं. नाव एकाचं, पण विनोद दोघांचा.

चित्रपटात पाहा. 'वळू' (2008) उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी या पुण्याच्याच जोडीचा. 'वाळवी' (2023) परेश मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांचा. टीव्हीवर सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी इतकी वर्षं एकत्र काम करतायत, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आज घराघरात आहे. तेव्हा जोड्या आहेत. आपण त्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल त्यांना विचारत नाही, ही खरी उणीव. मुलाखतीत नटाला विचारतात, दिग्दर्शकाला विचारतात. दोन लेखक एका खोलीत काय करतात हे कुणी विचारत नाही.

बाकी मी वकिलीत आहे म्हणून तिसरीघंटा यांना एक कामाची गोष्ट. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या आहे. एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नसेल तर ती कृती दोघांची. तुमचं नेमकं तसं आहे. हक्काची मुदत मोजताना जो लेखक शेवटी जाईल त्याच्या मृत्यूपासून साठ वर्षं धरतात. म्हणजे प्रयोगाची परवानगी, अनुवाद, चित्रपटाचे हक्क या सगळ्याला दोघींच्या सह्या लागणार. मैत्री चांगली आहे तोवरच एका पानावर लिहून ठेवा : मानधन निम्मं निम्मं की कसं, नावांचा क्रम काय, एकीने काम सोडलं तर दुसरीने पुढे काय करायचं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जाईल तेव्हाही पहिल्या पानावर दोघींची नावं असू द्या.

जुनाबाजार

मी स्टेप्टोचे भाग भंगारासाठी बघायला लागलो, हे खरंच सांगतोय. आमच्या घरात हाच धंदा होता. लहानपणी रविवारी जुन्या बाजारात वडिलांच्या शेजारी बसायचो. कुणाच्या तरी घरातलं घड्याळ, एका पायाची खुर्ची, फोटो काढून घेतलेली रिकामी चौकट. या मालिकेतलं घर तसंच भरलेलं आहे आणि मुलगा त्यातली पुस्तकं वाचून मोठा होऊ पाहतो. बाप त्याला टोचून टोचून खाली आणतो, कारण मुलगा गेला तर आपलं कसं, ही भीती त्याला सतत पोखरत असते. हे लिहिणाऱ्यांना धंद्याची फारशी माहिती नसेल कदाचित, पण घराची पक्की होती.

नटांबद्दल एक. बाप झालेला विल्फ्रिड ब्रॅम्बेल 1912 चा, मुलगा झालेला कॉर्बेट 1925 चा. जेमतेम तेरा वर्षांचं अंतर. पडद्यावर कुठेच जाणवत नाही.

आणि 1964 ची गोष्ट इथे यायलाच हवी. निवडणुकीच्या संध्याकाळी स्टेप्टोचा भाग लागणार होता. मजूर पक्षाचे मतदार घरात बसून तोच बघत राहतील आणि मतदानाला जाणार नाहीत, अशी धास्ती त्या पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांना वाटली. त्यांनी बीबीसीकडे बोलणं केलं आणि कार्यक्रमाची वेळ पुढे ढकलली गेली. विल्सन अगदी थोड्या बहुमताने जिंकले.

एका गोष्टीवर मात्र मला पडद्यामागचा यांच्याहून वेगळं वाटतं. हॅन्कॉकने यांना सोडलं हे आपण त्याच्या माथी मारून मोकळे होतो. त्याला एकाच साच्यातून बाहेर पडायचं होतं. नटाला तसं वाटणं गैर नाही. त्याचं पुढे वाईट झालं, 1968 मध्ये सिडनीत त्याने आयुष्य संपवलं, म्हणून त्याचा निर्णयच चुकीचा ठरवणं मला पटत नाही.

पडद्यामागचा (धागाकर्ता)

जुनाबाजार, मान्य आहे. मला त्याला दोषी धरायचं नव्हतं. नट बदलला तरी जोडी टिकली, कारण तिचा पाया नटावर नव्हता, एवढंच म्हणायचं होतं.

सदाशिवपेठी, तुमचा कागदाचा मुद्दा या दोघांच्या कारकिर्दीतही आहे. स्पाइक मिलिगन आणि एरिक साइक्स यांच्यासोबत यांनी लेखकांची एक संस्था काढली, 'असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स'. कचेरी शेफर्ड्स बुशमध्ये, एका भाजीवाल्याच्या दुकानावर. तिथे टायपिंगसाठी सिम्पसनच्या शाळेतली मैत्रीण बेरिल व्हर्च्यू आली. पुढे तीच सगळ्यांची एजंट झाली. मालिकेची मूळ कल्पनाच परदेशी वाहिन्यांना विकायची, हा व्यवहार तिने जमवला. त्यातूनच स्टेप्टोची अमेरिकन आवृत्ती 'सॅनफर्ड अँड सन' 1972 मध्ये एनबीसीवर आली आणि 1977 पर्यंत चालली. तिथले बाप-लेक लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय. स्वीडन आणि नेदरलँड्समध्येही रूपांतरं झाली. लेखकांनी लिहीत राहावं आणि हिशेब पाहणारं माणूस आपल्यातलंच असावं, ही सोय आपल्याकडच्या विनोदी लेखकांना आजही फारशी मिळत नाही, आणि ती मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तिसरीघंटा

आणि एकाला थांबायचं असेल तर? सदाशिवपेठींचं शेवटचं कलम वाचून मी रात्रभर त्याचाच विचार करत होते.

पडद्यामागचा (धागाकर्ता)

1978 मध्ये सिम्पसनने लेखन थांबवलं. त्याला बाकीच्या गोष्टी करायच्या होत्या. भांडण झालं नाही. गॅल्टन इतरांबरोबर लिहीत राहिला, आधी जॉनी स्पाइटबरोबर, नंतर जॉन अँट्रोबसबरोबर. अँट्रोबसच्या जोडीने त्याने 1997 मध्ये 'गेट वेल सून' ही मालिका केली. ती चाळीसच्या दशकातल्या क्षयाच्या सॅनेटोरियमवर होती. सिम्पसन आणि तो मित्र राहिले, जुन्या संहितांची कामं एकत्र पाहिली, 2016 मध्ये बाफ्टाची, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट-टीव्ही अकादमीची, फेलोशिप दोघांना मिळून मिळाली. सिम्पसन फेब्रुवारी 2017 मध्ये गेला, गॅल्टन ऑक्टोबर 2018 मध्ये.

प्रत्येक जोडीचं असं सुरळीत होत नाही. म्यूर आणि नॉर्डन सतरा वर्षांनी, 1964 च्या सुमारास वेगळे झाले, तेही गोडीत. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांचा संसार मोडला, तरी 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेचं 1979 चं दुसरं पर्व त्यांनी एकत्र लिहून पुरं केलं. एकूण बारा भाग, आणि प्रत्येकाची बांधणी घट्ट. तेव्हा लिहिण्याची मैत्री ही इतर नात्यांहून वेगळी चालते, हे खरं असावं.

निवृत्त_छातीवाला

तिसरीघंटा, बाळा, तो सासऱ्यांचा प्रवेश इथे टाकता येईल का? निदान अर्धं पान. म्हाताऱ्याच्या बाजूने मी वाचून सांगतो कुठे हसू येतं.

तिसरीघंटा

काका, मैत्रिणीला विचारून टाकते. तिची हो आल्याशिवाय नाही. आम्ही कालपासून तो नियम सुरू केलाय, दोघींना पटलं तरच ओळ लिहायची. काल संध्याकाळी साडेतीन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत सासरे त्या मुलाला भाड्याची पावती देतात आणि मागे त्याच्या आईसाठी औषधाचं नाव लिहून देतात. तिथे दोघी एकदमच थांबलो आणि दोघींनाही ठेवायची होती. चौथी अजून अर्धी आहे.

सदाशिवपेठी

आणि कराराचं पान?

तिसरीघंटा

तेही रविवारी करतोय. निम्मं निम्मं, नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने. तुम्ही एकदा नजर घालाल का?

सदाशिवपेठी

पाठवा. फी नको, पहिल्या प्रयोगाची दोन तिकिटं ठेवा.